हिशेब उजेडाचा



मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईकर मंडळी गावी आली, की आमच्या गुहागर तालुक्यात धम्म शिबिरे भरतात. गेल्या उन्हाळ्यात आम्हीही विहाराच्या अंगणात मांडव घालून मुलांचे तीन दिवसांचे शिबिर घेतले. वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, म्हणून जनरेटर भाड्याने आणला. शिबिर छान पार पडले. शेवटी जमाखर्च वाचताना एका आजीने विचारले, "भाजीपाल्यापेक्षा बत्तीला जास्त पैसे कसे लागले?"

प्रश्न रास्त होता. वर्गणी देणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या भगिनी आहेत, कंत्राटी सफाई कामगार आहेत. त्यांच्या पैशाचा हिशेब द्यायलाच हवा.

9 वॅटचे बारा दिवे आणि 75 वॅटचे चार पंखे रोज पाच तास, 100 वॅटचा लाऊडस्पीकर तीन तास. तीन दिवसांची वीज झाली सुमारे 7 युनिट. जनरेटरचे भाडे रोज 1,200 प्रमाणे 3,600 रुपये, 9 लिटर पेट्रोलचे 950 रुपये. एकूण 4,550. म्हणजे एक युनिट 650 रुपयांना पडले!

खरी मेख भाड्यात आहे. जनरेटर चालो न चालो, भाडे चुकत नाही. हा धडा आपल्या तालुक्याने मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प मे 1999 मध्ये सुरू झाला. वीज घ्या वा न घ्या, वीज मंडळाने स्थिर आकार भरायचा, असा करार होता. ती वीज परवडेना, म्हणून 2001 मध्ये मंडळाने ती घेणे बंद केले.

मग सोलर? ऊन फुकट आहे, पॅनेल आणि बॅटरी फुकट नाहीत. अंगणात संध्याकाळी वारा असतोच. पंखे वगळले तर रोज 0.8 युनिट पुरे. त्यासाठी 300 वॅटचे पॅनेल, बॅटरी व इन्व्हर्टर यांचा खर्च आम्ही 30,000 रुपये धरला. वर्षातून एका शिबिरासाठी एवढे घेतले, तर तेही एन्रॉनच! पण विहारात वर्षाचे 300 दिवस संध्याकाळी अभ्यासिका चालली, तर पाच वर्षांत 1,200 युनिट वापरले जातील. युनिट पडेल 25 रुपयांना. सरकारी विजेपेक्षा महाग खरे, पण जनरेटरच्या सव्वीसाव्या हिश्श्यात. पुढे बॅटरी बदलावी लागेल. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. वर्षावासात आभाळ भरलेले असते, तेव्हा दिवे कमी लावा. सूर्यघर योजनेतून 2024 पासून घरांना अनुदान मिळते, पण बॅटरी नसलेले छतावरचे सोलर लाईट गेली की बंदच पडते. आणि जनरेटर कधीही बंद खोलीत किंवा पडवीत लावू नका; त्याच्या धुरातला विषारी वायू वास न येता जीव घेतो.

1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचाही विषय होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ही त्यांची भूमिका होती. आपल्या वाडीपुरता आमचा निष्कर्ष साधा आहे. पॅनेलसाठी वर्गणी काढण्याआधी अभ्यासिका सुरू करा. मुले रोज येऊन बसू लागली, की पॅनेल घ्या. आजीला आमचे हेच उत्तर आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!