नवं ॲप 'अर्धवट' का येतं? आणि त्यात काय नसलं तर चालत नाही?

नवं ॲप आलं की कमेंट्समध्ये एकच सूर असतो, "यात तर काहीच नाहीये!" जुलै २०२३ मध्ये थ्रेड्स आलं तेव्हाही हेच झालं. हॅशटॅग नाही, थेट मेसेज नाही, कम्प्युटरवरून पोस्ट करायची सोय नाही. तरीही पाच दिवसांत १० कोटी लोकांनी खाती उघडली. मग कंपन्या ॲप असं अर्धवट का आणतात?

सगळंच कोंबलं तर काय होतं?

इन्स्टाग्रामच्या आधी केविन सिस्ट्रॉम यांनी 'बर्बन' नावाचं ॲप केलं होतं. कुठे आहात ते कळवा, पुढचे बेत टाका, मित्रांना भेटून पॉइंट कमवा, फोटो लावा, असं सगळं त्यात होतं. माइक क्रीगर सोबत आल्यावर दोघांनी आठवडाभरात फक्त फोटोंचा प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, करून पाहिला. तो त्यांनाच आवडला नाही. म्हणून ते पुन्हा बर्बनकडे वळले आणि त्याचं आयफोन ॲप तयार केलं. पण त्यात सोयींची नुसती गर्दी झाली होती. शेवटी फोटो, कमेंट आणि लाइक एवढंच ठेवलं, बाकी सगळं काढलं. ६ ऑक्टोबर २०१० ला इन्स्टाग्राम आलं. दीड वर्षात फेसबुकने ते १०० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं.

गूगल वेव्हचं उलट झालं. २००९ मध्ये आलेल्या या सेवेत ईमेल, चॅट आणि एकत्र लिहायची सोय एकाच ठिकाणी होती. पण ती नेमकी कशासाठी वापरायची, हेच अनेकांना कळेना. ऑगस्ट २०१० मध्ये गूगलने तिचं काम थांबवल्याचं जाहीर केलं.

प्रोटोटाइपने काय साधतं?

प्रत्येक नवी सोय म्हणजे आणखी एक बटण, आणखी तपासणी आणि बिघडायची आणखी एक जागा. शिवाय लोकांना सवय लागली की ती काढणंही कठीण. कच्च्या नमुन्यात चूक निघाली तर आठवडा वाया जातो, तयार ॲपमध्ये निघाली तर कित्येक महिने.

मग काहीही वगळलं तर चालतं?

नाही. सुरुवातीला थ्रेड्सचं प्रोफाइल कायमचं डिलीट करायचं असेल, तर इन्स्टाग्रामचं खातंही डिलीट करावं लागायचं. ते वेगळं काढायची सोय नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळाली. हॅशटॅग नाही म्हणून फारसं कुणाचं अडत नव्हतं. पण आत यायला एक टॅप आणि बाहेर पडायला दारच नाही, याला साधेपणा म्हणत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी नवं ॲप घेतलं की फिल्टर किती आहेत ते नंतर मोजा. आधी सेटिंगमध्ये जाऊन ब्लॉक, रिपोर्ट आणि डिलीट कुठे आहे ते शोधा. या तीन गोष्टी पहिल्या आवृत्तीतच हव्यात.