गोदीची जमीन आणि बाईचा हिशेब



मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचे काय होणार, याची चिंता खंडाळ्यातल्या बायांनी कशाला करायची? कारण ती गोदी आपल्याच माणसांच्या पाठीवर उभी राहिली. साताऱ्याच्या गावागावांतून पुरुष गोदीत आणि माथाडीत ओझी वाहायला गेले. मागे जिरायत रान, गुरे, म्हातारी माणसे बाईने सांभाळली. तिच्या श्रमाची नोंद ना गोदीच्या हजेरीपटावर झाली, ना सातबाऱ्यावर.

1914 ते 1918 या काळात पोर्ट ट्रस्टने समुद्रात भराव घालून बॅलार्ड इस्टेट उभारली. तेथे जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या आल्या. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, कंटेनरचा व्यापार तिकडे गेला आणि गोदीतले काम आटले. मग रिकाम्या जमिनीकडे लक्ष वळले. 2014 साली केंद्राने राणी जाधव समिती नेमली. 2018 साली राज्य सरकारने सुमारे 966 हेक्टरसाठी पोर्ट ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण केले. व्यापारी कचेऱ्या, पर्यटक जहाजांचे धक्के, किनाऱ्यावरची उद्याने अशी स्वप्ने तेव्हापासून रंगवली जात आहेत.

विकासाला आमचा विरोध नाही. प्रश्न मोजणीचा आहे. ससून डॉकवर पहाटेच्या लिलावात मासळी घेणारी कोळीण, वजनावर कोळंबी सोलणारी मजूर बाई, दारूखान्याच्या झोपडीत संसार करणारी बाई या नकाशात कोठे आहेत?

न्हावा-शेवाचा अनुभव आठवा. जानेवारी 1984 च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. तो मोठा विजय होता. पण भूखंड मिळतो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. खाडीत मासळी धरून विकणाऱ्या बाईच्या नावावर खाडी कोठून असणार?

2013 च्या भूसंपादन कायद्याने जमीन नसलेल्या, पण तेथील कामावर जगणाऱ्या कुटुंबांनाही बाधित मानले. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब धरले. मेख अशी, की गोदीची जमीन आधीपासूनच पोर्टची आहे. संपादनच होणार नाही, म्हणून हे संरक्षणही आपोआप मिळणार नाही. ते मागून, भांडून घ्यावे लागेल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वीट रचण्याआधी तेथे राबणाऱ्या प्रत्येक बाईची तिच्या स्वतःच्या नावाने नोंद व्हावी. मासळी विकण्याची आणि सोलण्याची जागा, पाणी व संडास आराखड्यातच दाखवावेत. पर्यायी घराचा कागद नवऱ्याबरोबर तिच्याही नावाचा असावा, आणि एकटीच्या घराचा तिच्या एकटीच्या.

शिरवळ-केसुर्डीच्या कारखान्यांसाठी आपल्याच तालुक्यातली शेते गेली. तेव्हा मोबदल्याच्या कागदावर बाईची सही किती घरांत होती? प्रत्येक गटाने आपल्या गावापुरते हे घरोघर विचारून लिहून काढावे आणि आमच्याकडे पाठवावे. सावित्रीबाईंचे नायगाव याच तालुक्यातले. तिने दिलेली अक्षरे आपले नाव कागदावर चढवण्यासाठी वापरायची नाहीत, तर कशासाठी?

— संपादक