दूध तोडण्याआधी

आईचे दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम, अशा अर्थाचे वाक्य शिशुदुग्धाच्या प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत छापणे आपल्या देशात १९९२च्या कायद्याने बंधनकारक आहे. परंतु हे वाक्य वाचण्याची वेळ बहुतेक घरांत डबा विकत आणल्यानंतरच येते. तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. तो कोणी घेतला, असे नंतर विचारले तर नेमके उत्तर मिळत नाही. डॉक्टर म्हणतात आईनेच विचारले, आई म्हणते डॉक्टरांनी सांगितले, आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की नाहीतरी दूध बाळाच्या अंगी लागत नव्हतेच.

अशा निर्णयांपैकी एकाची चर्चा आपल्या धोरणविश्वात जवळपास होतच नाही. दीड-दोन महिन्यांचे, केवळ अंगावर पिणारे, वजन नीट वाढत असलेले बाळ असते. एके दिवशी त्याच्या शीमध्ये रक्ताची बारीक रेघ दिसते. कधी गालांवर व हातापायांच्या घड्यांत खरखरीत चट्टे उठतात, कधी प्रत्येक पाजण्यानंतर ते कळवळून रडते. गायीच्या दुधातील प्रथिनांचे वावडे असावे, अशी शंका व्यक्त होते आणि त्यापाठोपाठ एक वाक्य उच्चारले जाते: ‘तुमचे दूध बाळाला सोसत नाही.’ सारा घोटाळा या वाक्यात आहे. वावडे आईच्या दुधाचे नसते. आईने खाल्लेल्या-प्यायलेल्या दुधातील प्रथिनांचा जो सूक्ष्म अंश तिच्या दुधात उतरतो, त्याचे असते. दूर करायचा पदार्थ असलाच, तर तो आईच्या ताटातला आहे.

यासाठीची वैद्यकीय वाट साधी आहे आणि ती बहुतांश मार्गदर्शक तत्त्वांत एकाच प्रकारे सांगितलेली आहे. आईने दोन ते चार आठवडे दूध व दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करावेत, स्तनपान चालू ठेवावे आणि लक्षणे ओसरतात का ते पाहावे. ओसरली, तर आईने दूध पुन्हा सुरू करावे. लक्षणे परतली तरच निदान पक्के मानावे. व्यवहारात या वाटेचा पहिला अर्धा भाग चालला जातो आणि दुसरा गाळला जातो. बाळ बरे झाले, आता कशाला पुन्हा परीक्षा, असे कोणत्याही आईला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र शीतील असे किरकोळ रक्त अनेक बाळांत काहीही न करता आपोआप थांबते. फेरतपासणी झाली नाही, तर योगायोगालाच निदान समजून आई वर्षभर निष्कारण पथ्य पाळते, किंवा पथ्याला कंटाळून अंगावरचे दूध तोडते. दुग्धशर्करा न पचण्याचा तर या वावड्याशी संबंधच नाही. ती शर्करा आईच्या दुधात मुळातच असते, आईच्या आहाराने ती कमी-जास्त होत नाही आणि तान्ह्या बाळाला ती जन्मतः न पचणे अतिशय दुर्मीळ आहे. तरीही या दोन गोष्टी चिठ्ठीवर सर्रास एकमेकींच्या जागी लिहिल्या जातात.

प्रश्न केवळ अज्ञानाचा असता, तर चार पत्रके छापून भागले असते. युरोपातील नऊ देशांत १२ हजारांहून अधिक बालकांवर झालेल्या युरोप्रिव्हॉल या अभ्यासात प्रत्यक्ष चाचणीने सिद्ध झालेले गायीच्या दुधाचे वावडे ०.५४ टक्के मुलांत आढळले. याउलट इंग्लंडमध्ये अशा बाळांसाठीच्या विशेष दुग्धचूर्णाच्या चिठ्ठ्या २००६ साली सुमारे एक लाख पाच हजार होत्या, त्या २०१६पर्यंत सहा लाखांवर गेल्या. दहा वर्षांत तिथल्या बाळांची प्रकृती सहापट बिघडली नव्हती. वावड्याच्या निदानाविषयीच्या नऊ मार्गदर्शक तत्त्वांचा २०२० साली आढावा घेतला गेला, तेव्हा ती लिहिणाऱ्यांपैकी ८१ टक्के तज्ज्ञांनी दुग्धचूर्ण उत्पादकांशी असलेले आर्थिक हितसंबंध जाहीर केलेले आढळले. रडणे, दूध उलटून टाकणे, पुरळ उठणे ही जवळपास प्रत्येक तान्ह्या बाळाची लक्षणे आजाराच्या यादीत कशी शिरली, हे त्यावरून थोडेफार उमगते.

या बाबतीत भारताची बाजू कागदावर भक्कम आहे. आपल्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांच्या आहाराच्या जाहिरातीवर बंदी आहेच. शिवाय त्याचे नववे कलम उत्पादकांना डॉक्टरांच्या संघटनांच्या परिषदा, अभ्यासवृत्ती वा संशोधन यांस पैसा पुरवण्यासही मनाई करते. इतकी स्पष्ट तरतूद फार थोड्या देशांत आहे. मात्र त्यातील दंडाची कमाल मर्यादा पाच हजार रुपयेच राहिली आहे. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूदही आहे, पण ‘किंवा दंड’ या दोन शब्दांची पळवाट तिच्या शेजारीच उभी आहे. जाहिरातीचा दरवाजा बंद असला, की निदानाचा दरवाजा अधिक मोलाचा ठरतो, हे ओळखायला बाजाराला वेळ लागत नाही.

परदेशी मार्गदर्शक तत्त्वे जशीच्या तशी उचलून आणण्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात आहे. बाळंतिणीला दूध-तूप भरपूर द्यावे, यावर पंजाबच्या पंजीरीपासून महाराष्ट्राच्या डिंकाच्या लाडवापर्यंत सर्वांचे एकमत. अळिवाची खीर दुधातच शिजते. अशा घरात सून दूध घेणार नाही म्हणते, तेव्हा तिला वैद्यकीय सल्ल्याइतकाच सासूचा पाठिंबा लागतो. गायीचे बंद केले म्हणून म्हशीचे किंवा शेळीचे दूध दिले जाते. त्यांतील प्रथिने इतकी जवळची आहेत, की वावडे असलेल्या बहुतेक बाळांच्या बाबतीत त्याचा उपयोग होत नाही. दुसरीकडे, शाकाहारी स्त्रीच्या ताटात दूध-दही हाच ब-१२ जीवनसत्त्वाचा जवळपास एकमेव स्रोत असतो. या जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या आईच्या दुधावरच वाढणाऱ्या बाळाला थरथर, अशक्तपणा व खुंटलेला विकास यांनी ग्रासणारा आजार भारतीय बालरोगतज्ज्ञ गेल्या शतकापासून पाहत आले आहेत. म्हणजे एका संशयापोटी आईचे दूध-दही तोडले आणि त्याची भरपाई केली नाही, तर आपण बाळाला लहान आजारातून उचलून मोठ्या आजारात ठेवू शकतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. काही ठिकाणी वावड्याच्या नुसत्या शंकेवर अंडी, शेंगदाणे, गहू, डाळी असे एकेक करून सारेच बंद करायला सांगितले जाते. अशा स्त्रीने खायचे तरी काय?

त्याच पाहणीनुसार सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना केवळ आईचे दूध मिळते. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५४.९ टक्के होते. ही वाढ आशा व अंगणवाडी सेविकांच्या पायपिटीची आहे. पण त्यांच्या गृहभेटींचे वेळापत्रक पाहावे. नवजात बाळासाठीच्या भेटी ४२व्या दिवशी संपतात आणि पुढील कार्यक्रमातली पहिली भेट तिसऱ्या महिन्यात असते. वावड्याची शंका नेमकी ज्या आठवड्यांत डोके वर काढते, त्यांपैकी बरेचसे या रिकाम्या जागेत पडतात. त्या काळात आईला भेटतो तो औषधाचा दुकानदार, शेजारीण किंवा पाच मिनिटांत पुढचा रुग्ण बोलावणारा डॉक्टर. पथ्य समजावून सांगायला अर्धा तास लागतो, चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहायला अर्धे मिनिट. यात डॉक्टरांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही; गर्दीचे गणितच तसे आहे. असंघटित क्षेत्रात मजुरी करणाऱ्या स्त्रीला २६ आठवड्यांची प्रसूती रजा केवळ ऐकून माहीत असते. तिच्यासाठी चार आठवड्यांचे पथ्य ही चैनच आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अंगावरचे दूध थांबवणे हा प्रत्येक वेळी पराभव नसतो. पथ्य काटेकोर पाळूनही बाळाचे रक्त जाणे थांबत नाही, वजन घटते, किंवा आईच खंगत चालली आहे, अशा थोड्या बाळांना प्रथिनांचे पूर्ण विघटन केलेले विशेष दुग्धचूर्ण द्यावेच लागते. गॅलॅक्टोसेमियासारख्या जन्मजात दोषात तर स्तनपान थांबवणे हाच उपचार. अशा मातांना घोषवाक्ये ऐकवणे क्रूरपणाचे आहे. त्यांना हवा असतो तो डबा, आणि त्याचा महिन्याचा खर्च अनेक कुटुंबांच्या महिन्याच्या किराण्याहून अधिक असतो. ज्याला खरी गरज आहे त्याला तो सरकारी रुग्णालयातून मिळावा, ही मागणी स्तनपानाच्या विरोधात नाही. उलट निदान चोख असेल, तरच हा खर्च सरकारला पेलवेल.

चोख निदानासाठी नवी योजना लागत नाही. प्रसूतीनंतर सहा महिने मातांना रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आधीच आहे. दूध बंद केलेल्या आईपर्यंत त्या खंड न पडता पोहोचाव्यात आणि सोबत ब-१२ द्यावे. ४२व्या दिवसानंतर व तिसऱ्या महिन्याआधी आशा सेविकेची एक भेट वाढवावी आणि तिचा मोबदलाही द्यावा. जिल्हा रुग्णालयातील आहारतज्ज्ञांची रिक्त पदे भरावीत. आणि प्रत्येक मातेच्या हाती असणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर, लसींच्या तक्त्याखाली, दोन तारखांपुरती जागा करावी: आईने दूध कधी बंद केले आणि पुन्हा कधी सुरू केले. पहिली तारीख भरली आणि दुसरी महिनाभर कोरी राहिली, तर ती का राहिली, हे विचारायला कोणीतरी त्या घरी जायला हवे.