हरलेले सामने नव्हेत, न झालेले सामने मोजा

भारताच्या पुरुष फुटसाल संघाने सप्टेंबर 2025 मध्ये कुवेतमध्ये मंगोलियाला 3-0 असे हरवले. आशिया चषकाच्या पात्रता फेरीतला आपला हा पहिला विजय. त्याआधी 2023 मध्ये ताजिकिस्तानात हा संघ पहिल्यांदा या फेरीत उतरला, तेव्हा त्याच्या वाट्याला फक्त पराभव आले होते. मुख्य स्पर्धा दोन्ही वेळा हुकली. हे आकडे पाहिले की ठरलेला प्रश्न येतो: एवढ्या मोठ्या देशाला पाच खेळाडू सापडत नाहीत का? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. खेळाडू सापडतील, त्यांनी वर्षभर कुठे आणि कोणाविरुद्ध खेळायचे, याचे उत्तर आपल्याकडे नाही. आपली कामगिरी वाचायची तर गोलफलकाआधी देशातल्या सामन्यांचे वेळापत्रक वाचावे लागेल.

यावर कोणी मुंबई-पुण्यातल्या टर्फकडे बोट दाखवील. रात्री अकरालाही तिथे जागा मिळत नाही, हे खरेच. पण कृत्रिम गवतावर, चहूबाजूंनी जाळी लावून, तासाच्या भाड्याने मित्रांनी खेळलेला तो खेळ फुटसाल नव्हे. फुटसाल कडक फरशीवर, 40 बाय 20 मीटरच्या कोर्टवर, कमी उसळणाऱ्या लहान चेंडूने खेळतात. चेंडू रेषेबाहेर गेला की चार सेकंदांत आत मारावा लागतो. एका सत्रात संघाचे पाच फाऊल झाले, की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला बचावाची भिंत नसताना थेट गोलवर मारता येते. पिछाडीवरचा संघ गोलरक्षकालाही पुढे काढून पाचव्या आक्रमकासारखा वापरतो. चौथ्या फाऊलनंतर अंग कसे आवरायचे, गोलरक्षक पुढे आल्यावर रिकामा गोल कसा राखायचा, हे घड्याळ आणि पंच असलेल्या सामन्यांतूनच अंगवळणी पडते. टर्फवर हौस भागते, पण पाचवा फाऊल मोजायला तिथे कोणी नसते.

व्हिएतनामचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 2005 ची आशियाई फुटसाल स्पर्धा हो ची मिन्ह सिटीत भरली आणि यजमान म्हणून हा संघ प्रथमच तिथे खेळला. पुढच्या काळात तिथे राष्ट्रीय लीग रुजली. त्याच शहरातला थाय सोन नाम क्लब 2018 मध्ये आशियाई क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. राष्ट्रीय संघाने 2016 च्या आशियाई स्पर्धेत, लागोपाठ दोनदा विजेत्या ठरलेल्या जपानला पेनल्टींवर हरवून विश्वचषक गाठला आणि तिथे बाद फेरीही. त्या फेरीत रशियाने त्यांना 7-0 असे धुतले. 2021 च्या विश्वचषकात पुन्हा बाद फेरी, पुन्हा रशियाच समोर. या वेळी निकाल 3-2. नोंदवहीत दोन्ही पराभवच आहेत. सात गोलांचे अंतर एकावर आले, ही पाच वर्षांची कमाई मात्र जय-पराजयाच्या रकान्यात दिसत नाही. हाच संघ 2024 च्या विश्वचषकाला मुकला, हेही सांगायला हवे. लीग असली की विजय ठरलेलाच, असे कोणी म्हणू नये. पण तिथे विश्वचषक हुकला की चर्चा होते. आपल्याकडे पात्रता फेरीतला एक विजय ऐतिहासिक ठरतो.

इराणचे काय? 2024 पर्यंतच्या 17 आशियाई स्पर्धांपैकी 13 त्याने जिंकल्या, उरलेल्या चार जपानने. 2016 च्या विश्वचषकात ब्राझीलला बाहेर काढून तिसरा क्रमांकही पटकावला. गल्लीबोळांत लहान गोल लावून खेळण्याची तिथली परंपरा जुनी आहे आणि ती आयात करता येत नाही, हा आक्षेप मान्य. पैसा लागतो, हा दुसरा आक्षेप मात्र अफगाणिस्तानपुढे टिकत नाही. त्या देशाची अवस्था सांगायला नको. तरी 2024 च्या पहिल्याच विश्वचषकात त्याने अंगोलाला 6-4 असे हरवून बाद फेरी गाठली.

उलट पैसा ओतून काय होते, ते आपण पाहिले आहे. 2016 मध्ये प्रीमियर फुटसाल नावाची खासगी लीग सुरू झाली. फाल्काव, रोनाल्डिन्हो, गिग्ज अशी नावे आली, मुंबईचा संघ पहिला विजेता ठरला आणि दोन हंगामांत सारे आटोपले. भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता तिला नव्हती, राष्ट्रीय संघ तर तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तारे कोणासाठी चमकले, कोण जाणे. महासंघाने 2021 पासून स्वतःची क्लब स्पर्धा सुरू केली, हे पाऊल योग्य. पण थोड्या दिवसांत उरकणारी स्पर्धा म्हणजे हंगाम नव्हे.

मोठ्या मैदानावरचे फुटबॉलच डबघाईला असताना हे कशाला, असेही विचारले जाईल. पण फुटसालला नवी स्टेडियम लागत नाहीत. हँडबॉलचे कोर्टही 40 बाय 20 मीटरचेच असते आणि अशी कोर्ट महाराष्ट्रात आहेत. राज्य संघटनेने आठ संघांची, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायची लीग जरी सुरू केली, तरी एकेका खेळाडूला 14 सामने मिळतील. पात्रता फेरीच्या एका गटात मिळतात तीन.