अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाची साखर तपासा

मूल पोट दुखतं म्हणून रडतं, उलट्या थांबत नाहीत, धाप लागलेली असते. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरसारख्या गावात असं मूल दवाखान्यात आलं की आधी संशय जातो तो गॅस्ट्रोवर, नाहीतर न्यूमोनियावर. घरात दृष्टही काढून झालेली असते. मधुमेह मोठ्या माणसांना होतो, हा समज पक्का असल्याने बोटातल्या थेंबाची तपासणी तेवढी राहून जाते.

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं आणि त्यातून निघणारी किटोन आम्लं रक्तात साचतात. आम्ल उतरवण्यासाठी मूल खोल, भराभर श्वास घेतं. छाती मात्र स्वच्छ असते. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, मग ग्लानी. हा किटोॲसिडोसिस, आणि वेळेत उपचार न झाल्यास तो जीव घेतो.

खरं तर त्याआधी बरेच दिवस शरीर सांगत असतं. मूल सारखं पाणी मागतं, खाऊनही वाळतं, अंथरुणात लघवीची सुटलेली सवय पुन्हा सुरू होते. इटलीतल्या पार्मा भागात डॉक्टरांनी नेमकं हेच भित्तिपत्रकांवर छापून शाळाशाळांत लावलं, दवाखान्यांना साखर तपासायची साधनं दिली. नव्याने मधुमेह झालेल्या मुलांपैकी किटोॲसिडोसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ७८ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आलं. असं पत्रक रहिमतपूरच्या प्रत्येक शाळेत, अंगणवाडीत आणि एसटी स्टँडवर लागलंच पाहिजे. त्याला निधीची वाट पाहायची गरज नाही.

उपचार मात्र गावच्या दवाखान्यात उरकण्यासारखा नाही. सलाईन मोजून, सावकाश द्यावं लागतं, कारण मुलांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. साधारण तासाभराने इन्सुलिनचा ड्रिप सुरू होतो. पोटॅशियम सांभाळावं लागतं, साखर दर तासाला पाहावी लागते. म्हणून साखर खूप जास्त दिसली की १०८ला फोन करून साताऱ्याला किंवा कराडला, जिथे मुलांचा अतिदक्षता विभाग असेल तिथे, लगेच हलवावं.

पुढे इन्सुलिन आयुष्यभराचं. खर्च झेपत नाही म्हणून ते सुटू नये, यासाठी नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट गरीब मुलांना मदत करतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतही ते अखंड मिळायला हवं. झाडपाल्याच्या भरवशावर सुई थांबवली, तर मूल काही दिवसांत पुन्हा त्याच अवस्थेत येतं. ताप आला, जेवण गेलं, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. डोस डॉक्टरांना विचारून ठरवायचा आणि लघवीतले किटोन तपासायचे.