सायकलफेरी आणि कर्करोग संशोधनाचा निधी : बुलढाण्यातून एक विचार

सायकलफेरी हा प्रकार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. मतदार जागृती, व्यसनमुक्ती, प्रदूषण, असा कोणताही विषय असो, तालुक्याच्या ठिकाणी सकाळी झेंडा दाखवला जातो, पांढरे सदरे घातलेली मुले गावातून एक चक्कर मारतात, चहा-पोहे होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. कर्करोगाच्या नावाने निघणाऱ्या फेऱ्याही बहुधा याच वळणाच्या असतात. प्रश्न असा की, या फेरीअखेर कर्करोगावरील संशोधनासाठी किती रुपये जमा होतात? उत्तर बहुतेक वेळा शून्य असते. याबद्दल आयोजकांना दोष देण्याचे कारण नाही, कारण पैसा जमवणे हा त्यांचा हेतूच नसतो. परंतु निधीसाठी सायकल चालवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती कशी चालते हे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली बिली स्टार या तरुणाने, आईला कर्करोगाने गमावल्यानंतर, ३५ सहकाऱ्यांसह राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकल चालवली. त्या वर्षी १०,२०० डॉलर जमले. बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी दरवर्षी निघणाऱ्या या ‘पॅन-मास चॅलेंज’ने २०२४ पर्यंत एकूण एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. याचे रहस्य पायांत नाही, हिशेबात आहे. प्रत्येक स्वार ठरावीक किमान रक्कम जमवण्याचे लेखी वचन देतो. नातेवाईक, शेजारी, कचेरीतील सहकारी यांच्याकडे तो स्वतः मागायला जातो आणि कमी पडले तर उरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून भरतो. जेवण, पाणी, बंदोबस्त यांचा खर्च नोंदणी शुल्कातून आणि पुरस्कर्त्यांकडून भागतो. त्यामुळे देणगीदाराने दिलेला पैसा पूर्णच्या पूर्ण संस्थेकडे पोहोचतो. मागणारा ओळखीचा आणि हिशेब उघडा, म्हणून लोक पुन्हा पुन्हा देतात.

याच्या उलट उदाहरण लान्स आर्मस्ट्राँगचे. स्वतः कर्करोगातून उठलेल्या या सायकलपटूने १९९७ मध्ये संस्था स्थापन केली, २००४ मध्ये तिच्या पिवळ्या मनगटपट्ट्या जगभर गेल्या, आणि २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांचे प्रकरण सिद्ध होताच त्याला संस्थेपासून दूर व्हावे लागले. एका व्यक्तीच्या तेजावर उभारलेले कार्य त्या व्यक्तीबरोबर डळमळते.

आपल्याकडे सायकल आणि सत्कार्य यांची गाठ नवी नाही. बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ अभियान काढले, तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर काश्मीरपर्यंत गेले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, त्या वेळी आदिवासींच्या नेत्रोपचाराचा विषय त्यांनी पुढे ठेवला होता. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. म्हणजे विदर्भाच्या उन्हात तयार झालेले पाय कमी नाहीत. दारोदार जाऊन मागण्याचा संकोच मात्र आहे. मूठमूठ धान्यावर शाळा आणि वसतिगृहे उभी करणाऱ्या महाराष्ट्राला खरे तर हा संकोच शोभत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. मलकापूर किंवा शेगावच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत, हातात क्ष-किरण चित्रांची पिशवी धरून बसलेले एखादे कुटुंब दिसते. रेल्वे कर्करुग्णाला शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत विनामूल्य नेते आणि सोबत्यालाही मोठी सवलत देते. शासनाची महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. तरीही परळच्या रस्त्यावर राहण्या-खाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, विकलेली जनावरे यांचा भार त्या घरावरच पडतो. अशा वेळी पैसा या कुटुंबाला द्यायचा की कुठल्याशा प्रयोगशाळेला? माझ्याही मनात हा प्रश्न अनेक दिवस होता. संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि परदेशी यंत्रे, अशी आपली समजूत असते. महाराष्ट्रात झालेले संशोधन पाहिले की ती बदलते.

टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांपुढचा एक जुना वाद हाती घेतला : मानेतील गाठी वरवर निर्दोष दिसत असल्या, तरी त्या पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की रोग तेथे दिसेपर्यंत थांबावे? ५०० रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात, आणि गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही पुडी मिळते हे पानटपरीवर उभा राहणारा प्रत्येकजण जाणतो. या राज्यात त्या एका उत्तराचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे साधे औषध टोचले तर काय होते, हे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,६०० स्त्रियांमध्ये तपासले. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. इतक्या स्वस्त औषधाच्या चाचणीवर कोणती कंपनी पैसा लावील? नफा नसलेल्या प्रश्नांची उत्तरे शासनाच्या किंवा समाजाच्या पैशानेच शोधावी लागतात.

तिसरे उदाहरण खेड्यांतले. उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा, येथे बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. २००९ मधील निष्कर्ष असा : एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने दगावल्या, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. हा पैसा प्रामुख्याने अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. तपासणीविना ठेवलेल्या त्या एकतीस हजार बायकांचे काय, असा नैतिक आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो मला रास्त वाटतो. मात्र त्यातूनही एक गोष्ट दिसते. संशोधनाचा पैसा आणि प्रश्न दोन्ही बाहेरून आले, की आपल्या गावातील बाई केवळ आकडा होते. पैसा गावातूनच उभा राहिला, तर निदान प्रश्न विचारण्याचा अधिकार तरी आपला राहील.

यावरून रुग्णसेवा दुय्यम आहे असा अर्थ कोणी काढू नये. टाटा रुग्णालयातीलच शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला ‘शांती अवेदना सदन’ सुरू केले आणि होली क्रॉस भगिनींनी, ज्यांच्यावर उपचार संपले आहेत अशा रुग्णांची सेवा तेथे पत्करली. त्याच रुग्णालयाच्या भिंतीआड एक डॉक्टर मरणासन्नाची उशाशी बसून काळजी वाहण्याची सोय करतो, दुसरा पुढचा रुग्ण वाचावा म्हणून आकडे मांडतो. दोन्ही कामांना पैसा लागतो, आणि देणाऱ्याने आपली देणगी कशासाठी आहे हे पावतीवर लिहून घ्यावे.

बुलढाण्यात अशी फेरी काढायचीच झाली, तर काही व्यवहार आधी ठरवावे लागतील. समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जाव आहे, आणि राष्ट्रीय महामार्गावर मालमोटारींच्या रांगेत शाळकरी मुले घालणे अविचाराचे होईल. राजूर घाट किंवा बोथा घाट चढणाऱ्याला दमही लागेल आणि देणाऱ्याला त्या घामाची किंमतही कळेल. किलोमीटरमागे पाच रुपये जरी एकेका ओळखीच्या माणसाने कबूल केले, तरी मलकापूर ते बुलढाणा या सुमारे ४५ किलोमीटरचे सव्वादोनशे होतात. एका स्वाराने असे वीस जण गाठले की साडेचार हजार, आणि शंभर स्वारांचे साडेचार लाख. सदरे, फलक आणि व्यासपीठ यांचा खर्च या रकमेतून करायचा नाही, एवढे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे. मंचावर कोण बसणार याची चर्चा त्यानंतर करता येईल, किंवा न केली तरी चालेल.