संगणकातले दप्तर कोण लावणार?

दुकानात संगणक आला की हिशोब आपोआप सुधारतो, असा एक समज आपल्या व्यापारी वर्गात घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात असे होते की, पूर्वी जो गोंधळ पेटीत आणि खिळ्यावर टोचलेल्या बिलांत असायचा तोच आता पडद्याच्या आत गेला आहे. खिळ्यावरचा गोंधळ निदान दिसायचा तरी. पडद्याच्या आतला गोंधळ नोटीस आल्यावरच दिसतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. माझे हार्डवेअर आणि रंगाचे दुकान आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जीएसटी खात्याची नोटीस आली. २०१७-१८ सालच्या एका खरेदीवर आम्ही जे इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले होते, ते पुरवठादाराच्या विवरणात दिसत नव्हते. रक्कम सुमारे ४१ हजार. माल आला होता, पैसे चेकने दिले होते, बिलही होते. पण कोठे? कागद थर्मल प्रिंटरचा, त्यावरची अक्षरे उडून कोरा झालेला. स्कॅन केलेली प्रत संगणकात होती एवढे आठवत होते. चार दिवस शोधल्यावर ती ‘जुने’ नावाच्या फोल्डरमधील ‘न्यू फोल्डर (२)’ मध्ये ‘स्कॅन००४७’ या नावाने सापडली. त्या चार दिवसांत दुकानाचा धंदा भाच्यावर सोडून मी संगणकासमोर बसलो होतो.

भाचा आजच्या पिढीचा. त्याचे म्हणणे, “मामू, फोल्डर-बिल्डर कशाला? सर्च मारला की सापडते.” तरुण मंडळींचा हा युक्तिवाद वरवर पाहता बरोबर वाटतो. परंतु संगणकाचा साधा शोध बहुधा नावावर चालतो, आणि जेथे मजकूर वाचून शोध होतो तेथेही स्कॅन केलेले बिल हे संगणकाच्या दृष्टीने एक चित्रच असते. त्यावरचा मजकूर वेगळी व्यवस्था केल्याशिवाय त्याला वाचता येत नाही. नावच ‘स्कॅन००४७’ असेल तर शोधायचे काय? व्हॉट्सअॅपवरून आलेल्या बिलाच्या फोटोचीही तीच कथा. त्याच्या नावात तारीख असते, पण ती बिलाची नसून व्हॉट्सअॅपवर आल्याची असते.

आपल्या जुन्या मुनिमांकडे पाहा. रोजमेळ वेगळा, खतावणी वेगळी, प्रत्येक वहीच्या पाठीवर साल. मालकाने मागावे आणि मुनिमाने न उठता हात मागे करून नेमकी वही काढावी. शिक्षण बेताचे, पण शिस्त पक्की. ती शिस्त मालकाने घालून दिलेली असायची, ही गोष्ट आपण विसरलो. आज संगणकावर बसणारा मुलगा स्वतःच्या सोयीने नावे देतो आणि दोन वर्षांनी दुसरीकडे नोकरीला जातो. मागे राहते ते त्याच्या डोक्यातले, आपल्याला न कळणारे दप्तर.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ च्या विवरणाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाचे प्रत्येक बिल ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवे. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष, किंवा ही ७२ महिन्यांची मुदत, यांपैकी जी उशिराची असेल ती धरायची. नियम ५७ तर आणखी पुढे जातो. नोंदी संगणकात असतील तर त्यांची दुसरी प्रत ठेवलीच पाहिजे, आणि अधिकाऱ्याने मागितल्यास फाइलींचा तपशील, पासवर्ड आणि वापरलेल्या सांकेतिक खुणांचा अर्थही सांगितला पाहिजे. ‘न्यू फोल्डर (२)’ चा अर्थ मी त्या साहेबांना काय सांगणार होतो?

माझ्या मते लहान दुकानदाराने फार खोलात जाऊ नये. सर्वांत वर आर्थिक वर्ष. कॅलेंडरचे वर्ष नव्हे, कारण फेब्रुवारी २०२४ चे बिल २०२३-२४ मध्येच जायला हवे. वर्षाच्या आत खरेदी, विक्री, बँक, कर आणि पगार, एवढे पाच फोल्डर बस झाले. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर करण्याची काहींना हौस असते. पण विंडोजमध्ये संपूर्ण मार्गाच्या नावाला साधारणपणे २६० अक्षरांची मर्यादा आहे. ती ओलांडली की प्रत काढताना नेमक्या त्याच फाइली अडतात. ‘इतर’ नावाचा फोल्डर मात्र करूच नये; सहा महिन्यांत सारे दुकान त्यातच जाऊन बसते.

नाव देताना तारीख आधी, आणि तीही वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने: ‘२०२४-०४-१५ खरेदी पाइप बिल ११२’. दिवस आधी लिहिला तर १ मेचे बिल १५ एप्रिलच्या आधी येऊन बसते. बिल क्रमांकातील तिरपी रेघ विंडोज नावात घेत नाही, तेथे आडवी रेघ द्यावी. १९९५ पूर्वी डॉसच्या काळात नावाला आठच अक्षरे मिळत, तेव्हा आखूड नावे देणे भाग होते. विंडोज ९५ ने ती अडचण केव्हाच दूर केली. आपली सवय तेवढी मागे राहिली.

दुसऱ्या प्रतीविषयी आपल्याकडे मोठी गफलत आहे. फाइली गुगल ड्राइव्हशी जोडल्या की बॅकअप झाला, असे लोक समजतात. ही जोडणी आरशासारखी असते. येथे पुसले की तेथेही पुसले जाते, आणि तेथील कचरापेटीही ३० दिवसांनी रिकामी होते. बाहेरची डिस्क कायम संगणकाला लावून ठेवणे हीदेखील तशीच चूक. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा हल्ल्यात जोडलेली डिस्कही सुटत नाही. म्हणून दर आठवड्याला प्रत घ्यावी, डिस्क काढावी आणि घरी न्यावी. दुकानाला आग लागली किंवा पाणी शिरले तरी घरची प्रत राहते.

हे सारे बसवायला आम्हाला तीन रविवार लागले. जुनी वर्षे सगळी नव्याने लावण्याच्या भानगडीत पडलो नाही. ज्या वर्षांची मुदत शिल्लक होती तेवढीच घेतली. कोणत्या फोल्डरात काय, नाव कसे द्यायचे आणि डिस्क कोणाकडे, हे एका कागदावर मराठीत लिहून गल्ल्यावरच्या फळीला चिकटवले. पासवर्ड त्यावर नाही. तो बंद पाकिटात घरच्या कपाटात असून पत्नीला आणि मोठ्या मुलाला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात भाचा गावी लग्नाला गेला असताना सीए साहेबांनी मागच्या वर्षाचे एक बिल मागितले. सर्च मारावा लागला नाही. साठीतल्या मोठ्या भाईजाननी चष्मा लावून कागद वाचला आणि चहा येण्याआधी बिल पाठवून दिले.